दुसऱ्या खंडातली माणसं

लंडनच्या ‘जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन’ या प्रकाशनसंस्थेत १९५२ साली एक हिशेब मांडला गेला आणि तो काही केल्या जुळेना. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्कीन यांनी १९३७पासून बारा वर्षं खपून लिहिलेली अवाढव्य कादंबरी समोर होती. ती एकाच पुस्तकात छापायची, तर युद्धानंतर महागलेल्या कागदामुळे तिची किंमत कोणालाच परवडली नसती. रेनर अन्विन या तरुणाने वडिलांना कळवलं की यात हजारेक पौंड बुडू शकतात. वडिलांनी बुडवायला परवानगी दिली. धोका थोडा कमी व्हावा म्हणून कादंबरीचे तीन तुकडे करायचं ठरलं. टॉल्कीन यांच्या लेखी ती एकच सलग गोष्ट होती. मधला तुकडा, ‘द टू टॉवर्स’, ११ नोव्हेंबर १९५४ रोजी बाजारात आला. त्याला धड सुरुवात नाही आणि धड शेवटही नाही. नावातले दोन मनोरे नेमके कोणते, याबद्दल खुद्द लेखकाचंच मत बदलत राहिलं.

एका कादंबरीचे तीन खंड करण्याची चाल इंग्रजांना नवी नव्हती. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांच्या वाचनालयाने १८४२पासून तिच्यावरच आपला पसारा उभा केला होता. कादंबरी विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग मोजा, नाहीतर वर्षाला एक गिनी वर्गणी भरा आणि एका वेळी एक खंड घरी न्या. एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरायची. गोष्ट दोन खंडांत संपत असली तरी तिसऱ्याची पानं भरावीच लागत, आणि ते ओझं बहुतेकदा मधल्या खंडावर पडे. वाटेत भेटलेली पात्रं, लांबलेल्या मेजवान्या, उगाच झालेले गैरसमज. १८९४ साली वाचनालयांनीच खंडाला चार शिलिंगांपेक्षा जास्त द्यायला नकार दिला, तेव्हा हा कारखाना बंद पडला.

थोडक्यात, दुसरा खंड ही दुकानदारीची पैदास. असं असूनही अद्भुतकथेच्या काळोख्या शाखेत, डार्क फँटसीत, माणसं खऱ्या अर्थाने बदलतात ती बहुधा याच मधल्या खंडात. पहिल्या खंडाला अख्खं जग उभं करायचं असतं, तिसऱ्याला युद्ध संपवायचं असतं. मधल्याला दोन्ही सक्ती नसतात, त्यामुळे लेखकाला माणसाकडे निवांत बघायला फुरसत मिळते.

मासिकांच्या जमान्यात ही फुरसत कुणालाच नव्हती. रॉबर्ट ई. हॉवर्डचा कोनन डिसेंबर १९३२च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये पहिल्यांदा छापून आला तो राजा म्हणून. पुढे मार्च १९३३च्या अंकात तोच कोनन कोवळा चोर होता. कुणाला काही खटकलं नाही, कारण प्रत्येक गोष्ट सुटी होती. वाचकाला हवा असलेला नायक महिन्याभरात बदलून चालणार नव्हता.

टॉल्कीन यांच्या मधल्या तुकड्यात मात्र एक विलक्षण जागा आहे. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर नायक फ्रोडो झोपलेला असतो. गॉलम परत येतो, त्याच्याकडे बघतो आणि थरथरता हात हळूच त्याच्या गुडघ्यावर ठेवतो. क्षणभर तो कपटी जीव एक थकलेला म्हातारा होतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो आणि ती घडी हुकते. गॉलमच्या सुधारण्याची ती शेवटची संधी होती आणि ती घालवली एका भल्या, निष्ठावंत नोकराने. तीन खंडांतल्या सगळ्या लढाया एकीकडे ठेवल्या तरी हे पान भारी पडतं.

त्याच्याही चार वर्षं आधी, १९५० साली, मर्विन पीकचं ‘गॉर्मेनघास्ट’ आलं होतं. ‘टायटस ग्रोन’ (१९४६) या पहिल्या पुस्तकात स्टीअरपाइक हा सतरा वर्षांचा पोरगा प्रचंड किल्ल्याच्या मुदपाकखान्यातून निसटतो आणि छपरांवरून चढत वर पोचतो. तो कावेबाज आहे, ग्रंथालयाला आग लावतो, तरी वाचक मनातून त्याच्या बाजूने असतो, कारण ज्या कुजक्या सरंजामी व्यवस्थेविरुद्ध तो उभा आहे ती त्याहून किळसवाणी आहे. दुसऱ्या पुस्तकात पीक वाचकाची ही सहानुभूती एकेक करून काढून घेतो. विधी-परंपरांचा रखवालदार असलेल्या लंगड्या बार्क्वेंटाइनला स्टीअरपाइक पेटवून देतो, पण म्हातारा जळता जळता त्यालाच मिठी मारतो आणि दोघेही खंदकात कोसळतात. वर येतो तो भाजल्या चेहऱ्याचा निराळाच माणूस. त्याचा हिशेबीपणा आता ढळू लागलेला असतो. ज्या जुळ्या बहिणींना त्याने कोंडून उपाशी मारलं, त्यांच्या सांगाड्यांभोवती तो पुढे कोंबड्यासारखा तोऱ्यात नाचतो.

चित्रकार असलेला पीक जून १९४५मध्ये एका नियतकालिकासाठी बेल्सनच्या छळछावणीत गेला होता. पहिलं पुस्तक त्याआधी लिहून झालेलं, दुसरं त्यानंतरचं. एवढ्यावरून स्टीअरपाइकचा थेट बेल्सनशी संबंध लावणं घाईचं ठरेल. पण सतराव्या वर्षीच्या महत्त्वाकांक्षेतून थंड डोक्याचा खुनी कसा तयार होतो, हा प्रश्न त्या दशकात युरोपात कुणाला सुचावा यात नवल नाही.

अर्सुला ल ग्विन यांनी तर दुसऱ्या पुस्तकात नायकालाच दाराबाहेर ठेवलं. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हे गेड नावाच्या जादूगाराचं पुस्तक. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) उघडावं तर गेडचा पत्ता नाही. पुस्तक बरंच पुढे सरकेपर्यंत आपण टेनार या मुलीबरोबर वाळवंटातल्या थडग्यांपाशी असतो. बालवयातच तिला घरातून उचलून आणलं आहे, नाव पुसून टाकलं आहे आणि अनाम काळोख्या शक्तींची पुजारीण केलं आहे. पंधराएक वर्षांची असताना ती तीन कैद्यांना अंधारात अन्नपाण्यावाचून मारण्याचा हुकूम देते. त्यानंतर तिला झोप लागत नाही, जेवण जात नाही. पुढे भुयारात गेड सापडतो आणि यालाही तसंच मारायचं हे तिला ठाऊक असतं. या वेळी ती पाणी देते. सगळं पुस्तक त्या दोन निर्णयांमधल्या अंतरात घडतं. ना युद्ध, ना राक्षस. टेनारला बाहेर पडायला शेवटी पुरुषाची सोबत लागते, हे मागाहून ल ग्विन यांनाही बोचत राहिलं असावं. १९९०च्या ‘टेहानू’मध्ये त्यांनी तिला पुन्हा मध्यभागी आणलं.

स्टीफन आर. डोनाल्डसनची गोष्ट भारतातून जाते. त्याचे वडील अस्थिशल्यविशारद आणि मिशनरी, कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे. मुलगा कोडाईकनालच्या शाळेत शिकला. मोठेपणी वडिलांचं कुष्ठरोगावरचं एक भाषण ऐकताना त्याला नायक सापडला. थॉमस कव्हनंट हा कुष्ठरोगी लेखक दुसऱ्या जगात ओढला जातो आणि तिथे बरा होतो. ते जग खरं मानायला तो तयार नाही, कारण स्वप्नाच्या नादात शरीराकडे दुर्लक्ष झालं तर जिवावर बेतेल. ४७ प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठवलं. मग लेस्टर डेल रे यांनी ते घेतलं आणि १९७७ साली ते छापायला सुरुवात झाली.

पहिल्या खंडात कव्हनंट लेना या मुलीवर बलात्कार करतो, आणि अनेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात. जे पुढे जातात त्यांच्यासाठी ‘द इलअर्थ वॉर’ हे दुसरं पुस्तक त्या गुन्ह्याचं बिल घेऊन येतं. कव्हनंटच्या जगात काही आठवडे जातात, तिकडे चाळीस वर्षं उलटतात. राज्याची सर्वोच्च अधिपती एलेना ही त्याच बलात्कारातून जन्मलेली त्याची मुलगी. ती बापावर जीव टाकते, तेही निरोगी म्हणावं अशा पद्धतीने नाही. कव्हनंट स्वतःची जबाबदारी हळूच तिच्या खांद्यावर सरकवतो. शेवटी ती पूर्वीच्या एका मृत अधिपतीला शत्रूवर धाडण्याचा वेडा हुकूम देते आणि त्यातच मरते. डोनाल्डसनची भाषा शब्दकोशाचा अंत पाहते, हे मान्यच करायला हवं. पण एका माणसाच्या कृत्याचं ओझं दुसऱ्याच्या आयुष्यावर कसं साचत जातं, हे इतक्या निर्दयपणे फार कमी जणांनी दाखवलं.

मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या ग्लेन कुकने १९८४च्या ‘शॅडोज लिंगर’मध्ये एका कर्जबाजारी, भेकड खानावळवाल्याला पुढे आणलं. त्याचं नाव मॅरन शेड. तो काळ्या किल्ल्याला आधी मढी विकतो, मग पैशासाठी मढी ‘तयार’ करू लागतो, आणि अगदी उशिरा, पूर्ण घसरल्यावर, त्याला कणा फुटतो. जॉर्ज आर. आर. मार्टिनने ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’मध्ये (१९९८) पहिल्या खंडात कडेला उभ्या असलेल्या थिऑन ग्रेजॉयला स्वतःची प्रकरणं दिली. जिथे ओलीस म्हणून वाढला तोच किल्ला तो बापाची शाबासकी मिळवायला जिंकतो. हातून निसटलेल्या दोन राजपुत्रांऐवजी तो पिठाच्या गिरणीवाल्याची दोन पोरं मारून त्यांची मुंडकी टांगतो. आपण हे प्रत्येक पाऊल त्याच्याच डोक्यात बसून बघतो, म्हणून त्याचा नुसता तिरस्कार करून सुटका होत नाही.

२००७ साली जो अ‍ॅबरक्रॉम्बीचं ‘बिफोर दे आर हँग्ड’ आलं, तोवर ही वाट चांगली मळलेली होती. चित्रफितींचं संकलन करणाऱ्या या लेखकाने तिची खोड काढली. पहिल्या पुस्तकातला जेझाल हा देखणा, घमेंडखोर तलवारबाज दुसऱ्यात जगाच्या टोकापर्यंतच्या मोहिमेवर निघतो. वाटेत गदेच्या घावाने त्याचा जबडा मोडतो. आठवडेच्या आठवडे दुसऱ्यांनी भरवल्याशिवाय खाता येत नाही, आणि तो पहिल्यांदाच आजूबाजूच्या माणसांकडे नीट बघतो, ऐकतो, आभार मानतो. ज्यासाठी एवढी पायपीट केली ती वस्तू जगाच्या टोकाला नसतेच. सगळे हात हलवत परततात. हाती लागलेली कमाई एवढीच, की जेझाल थोडा बरा माणूस झाला आहे. मग तिसऱ्या खंडात बायाझ हा मांत्रिक त्याला राजा करतो. जेझाल एकदाच त्याच्यापुढे ताठ उभं राहून बघतो. बायाझ जादूने त्याला असह्य वेदनेत लोळवतो, आणि राजा सांगितलेलं मुकाट ऐकू लागतो.