सोनेगावची मध्यरात्र

विमानांचा इतिहास म्हटला की आपली नजर आकाशाकडे जाते. मला आज आपणांस जमिनीवर न्यावयाचे आहे; तेही आपल्या सोनेगावच्या तळावर, रात्री बाराच्या सुमारास.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत, मध्यरात्रीच्या आसपास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरी परत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतील पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. तेव्हा थैल्यांचा भार काय झाला असेल, ते सांगावयास नको.

आता थोडा हिशेब करू. चार विमाने, आणि प्रत्येकाने उरलेल्या तिघांसाठी थैल्या द्यावयाच्या; म्हणजे १२ वाटा. विमाने आठ केली तर? आपण म्हणाल, २४. नव्हे, ५६! विमाने दुप्पट झाली, वाटा पाचपटीच्या जवळ गेल्या. वेळ मात्र तेवढाच. त्यात एक विमान उशिरा आले की उरलेली खोळंबणार, आणि मग सगळ्यांचीच घाई. अंधारात फिरणारा पंखा दिसत नाही, हे घाईतल्या हमालाला कोणी आठवण करून द्यायचे? आज अभियंते तळाचे गणिती प्रतिरूप संगणकावर मांडतात, गाड्या व विमाने कोठे एकमेकांना आडवी जातात ते आधी मोजतात. त्या शास्त्राचे बीज या १२ वाटांतच आहे.

ही सेवा सत्तरीच्या दशकात बंद पडली. पण गर्दी काय करते, ते त्याच दशकात टेनेरिफने जगाला दाखविले. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्याने विमाने तेथील लहान तळावर वळविली होती. उभी राहण्याच्या जागा भरल्या, म्हणून विमानांना धावपट्टीवरूनच चालावे लागले. २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात एक जम्बो सुटले, दुसरे अजून पट्टीवरच होते. ५८३ माणसे गेली.

प्रतिरूपाला मात्र वाटा कळतात. माणसाची खूण कळत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान मागे ढकलून झाल्यावर वैमानिकांनी खूण चुकीची समजून विमान हलविले, आणि पुढच्या चाकाजवळ उभा असलेला तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. वादळ नव्हते, धुके नव्हते. माझ्या मते तळावरचा सर्वांत कठीण प्रश्न तोच आहे, आणि तो संगणकावर सोपवून सुटणारा नाही.

आता मिहान. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, तिच्यामागचा विचार टपालसेवेचाच: देशाच्या मध्यावर मालाची अदलाबदल. विमानांची दुरुस्तीशाळा तेथे उभी आहे. दुरुस्तीला आलेली विमाने पुष्कळदा ट्रॅक्टरने ओढून न्यावी लागतात, म्हणजे आणखी एक वाट. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या करारात सुरक्षा-व्यवस्थापनाचे स्वतंत्र परिशिष्टच आले आहे: धोका घडण्यापूर्वी शोधावा, तोलावा, नोंदवावा. नागपूरला त्यासाठी एक सोय आहे, जी मुंबईला नाही. येथे अजून मोकळी जमीन आहे. मालाच्या गाडीने विमानाची वाट ओलांडावी की वळसा घ्यावा, हे आज नकाशावर पेन्सिलीने ठरविता येते; काँक्रीट पडल्यावर त्या जागी रात्रभर एक माणूस दिवा घेऊन उभा करावा लागेल.