साक्ष देणारा बाप : खैरलांजी आणि त्यानंतर

नेरहून भंडारा जिल्हा तसा दूर. पण नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावती, यवतमाळ, नागपूर सगळीकडे लोक रस्त्यावर उतरले होते, ते इथल्या चाळिशीपुढच्या मंडळींना आठवत असेल. घटना मात्र २९ सप्टेंबरची. बातमी नीट बाहेर यायला महिना लागला, हे आधी लक्षात घ्या.

मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. तिथं भैयालाल भोतमांगे यांचं कुटुंब, बौद्ध. सुमारे पाच एकर शेती, त्यातून रस्ता नेण्यावरून गावाशी वाद. शेजारच्या गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली, तेव्हा भैयालाल यांची पत्नी सुरेखा आणि मुलगी यांनी पोलिसांना आरोपींची नावं सांगितली. आरोपी जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, प्रेतं कालव्यात सापडली. भैयालाल तेवढे वाचले.

म्हणजे बघा, या घरातल्या बायका खरं बोलल्या म्हणून मेल्या. आणि जो उरला, त्याला पुढची दहा वर्षं तेच काम करावं लागलं, खरं सांगण्याचं.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास केला. पण दोन्ही न्यायालयांनी अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. हा सूड होता, जातीमुळे झालेला गुन्हा नव्हता, असा एकूण सूर.

इथं थोडं थांबू. अ‍ॅरिस्टॉटलनं 'असं आहे' हे जाणणं आणि 'असं का आहे' हे जाणणं यांत फरक केला. खरं ज्ञान दुसऱ्यापाशी, असं त्याचं म्हणणं. न्यायालयानं पहिलं मान्य केलं, खून झाले. दुसरं नाकारलं. सूड होता हे मला मान्यच आहे. प्रश्न एवढाच की साक्षीदार गावातल्या वरचढ जातीच्या असत्या तर सूड घ्यायला सबंध जमाव निघाला असता काय? इतकी हिंमत कशाच्या जोरावर येते? सूड आणि जात हे एकमेकांना वगळणारे पर्याय आहेत, हे गृहीतकच मला तर्कदृष्ट्या लंगडं वाटतं. भैयालाल फाशीसाठी भांडले हे खरं, पण त्यांचं मोठं भांडण या 'का'साठी होतं.

आपण अशा आईबापांच्या 'त्यागा'बद्दल फार सहज बोलतो. त्याग स्वेच्छेनं करतात. भैयालाल यांचं घर, शेत, गाव हिरावलं गेलं, त्याला त्याग म्हणू नये. सरकारनं त्यांना वसतिगृहात शिपायाची नोकरी दिली. त्यांनी आपणहून सोडली ती एकच गोष्ट, गप्प राहण्याची मुभा. दरवर्षी सप्टेंबर आला की पत्रकार यायचे, कार्यकर्ते यायचे, आणि हा माणूस तीच रात्र पुन्हा सांगायचा. दुःख विसरण्याचा हक्क प्रत्येकाला असतो ना? तो त्यांनी घेतला नाही.

केरळात ईचर वारियर होते, हिंदीचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा राजन, कालिकतला अभियांत्रिकी शिकणारा, मार्च १९७६ मध्ये आणीबाणीत पोलिसांनी उचलला. आणीबाणी उठल्याबरोबर वारियर उच्च न्यायालयात गेले, 'मुलगा हजर करा' म्हणून. त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. मुलाचं प्रेत मात्र कधीच मिळालं नाही. आणि गंमत म्हणू नये, पण विचार करण्यासारखं असं की सरकारकडून सत्य वदवून घेणारा हा बाप घरी खोटं बोलत राहिला. मन ढळलेल्या बायकोला मुलगा गेल्याचं त्यानं सांगितलंच नाही. नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मला अजून देता आलेलं नाही.

अगदी अलीकडचं, परभणीचं. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये जी धरपकड झाली, तीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला, आणि १५ डिसेंबरला कोठडीत असतानाच वारला. सरकारी बाजूनं आजाराचं कारण पुढं आलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला धक्का असं नोंदलेलं होतं. आई विजयाबाईंनी दहा लाखांची मदत नाकारली. गरीब घरात दहा लाख नाकारणं म्हणजे काय, ते इथं कोणाला समजावून सांगायला नको. पैसे घेऊनही खटला लढता येतो, कायद्यानं काही अडत नाही. पण ज्यानं कारण आजार म्हणून सांगितलं त्याच्याच हातून पैसा घ्यायचा, हे त्या बाईला पटलं नसावं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. गुन्हा नोंदणं ही सुरुवात असते, एवढ्यासाठीच सात महिने गेले.

भैयालाल यांना एवढा वेळ मिळाला नाही. 'का'चा प्रश्न घेऊन ते सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून होते. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकारानं ते गेले, तेव्हा अपील तसंच पडून होतं.