कोळशाच्या टनामागे पाच सेंट : अमेरिकन खाणकामगार संघटनेचा कल्याण निधी, १९४६ ते १९७८

प्रस्तावना

कामगार चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा वेतनवाढ, बोनस, संप आणि टाळेबंदी या चार शब्दांभोवती लिहिला जातो. कामगार आजारी पडला, जायबंदी झाला किंवा म्हातारा झाला म्हणजे त्याच्या घरच्यांचे काय होते, हा प्रश्न त्या इतिहासात तळटीपेपुरता येतो. वास्तविक विसाव्या शतकातील काही अत्यंत कडवे संप याच प्रश्नावर झाले आहेत. 'युनायटेड माइन वर्कर्स ऑफ अमेरिका' या खाणकामगार संघटनेने १९४६ साली मिळविलेला कल्याण व निवृत्ती निधी हे त्याचे ठळक उदाहरण होय. संघटनेच्या पुढाकाराने चालणाऱ्या आरोग्य योजनेचे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर केवळ लाभांची यादी वाचून भागत नाही. पैसा कशावर आकारला जातो आणि लाभ कोणाला द्यावयाचा हे कोण ठरविते, हे पाहावे लागते. या निधीचा पैसा कोळशाच्या टनावर आकारला गेला आणि आश्वासन मात्र माणसाला दिले गेले. टन आणि माणूस यांचे गणित जुळत होते तोवर योजना बहरली. ते जसजसे विस्कटत गेले तसतशी ती माणसांना गाळत गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कंपनीचा डॉक्टर

१९४६ पूर्वी कोळसा खाणीच्या वस्तीत वैद्यकीय सेवा नव्हतीच असे नाही. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, तसा डॉक्टरही कंपनीचा असे. त्याच्या वेतनासाठी दरमहा कामगाराच्या पगारातून ठराविक रक्कम कापली जाई. त्याची नेमणूक मात्र कंपनी करी. पैसा कामगाराचा आणि निष्ठा मालकाशी, अशी ही व्यवस्था होती. अपघातानंतर भरपाईचा दावा उभा राहिला की डॉक्टरची साक्ष कोणत्या बाजूला झुकेल हे खाणकामगाराला सांगावे लागत नसे. कामगारांचा रोष डॉक्टर नसण्यावर जितका होता त्याहून अधिक तो डॉक्टर आपला नसण्यावर होता. पुढे निधीच्या कारभाराविषयी जे वाद झाले त्यांचे मूळ या अनुभवात आहे, हे बऱ्याच अभ्यासकांच्या लिखाणात पुरेसे अधोरेखित होत नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते.

क्रुग–लुईस करार

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात, १ एप्रिल १९४६ रोजी, बिट्युमिनस कोळसा खाणींतील सुमारे चार लाख कामगार कामावर गेले नाहीत. संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी वेतनाच्या आधी कल्याण निधीची मागणी पुढे केली. खाणमालकांनी ती फेटाळली. देशात रेल्वे, पोलाद, वीजनिर्मिती अशा साऱ्यांचा कणा कोळसा होता. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि २९ मे रोजी व्हाइट हाउसमध्ये अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ज्युलियस क्रुग व लुईस यांच्यात करार झाला. खाजगी मालकांनी जे नाकारले ते तात्पुरत्या सरकारी मालकाने मान्य केले, हा या घटनेतील विरोधाभास लक्षणीय आहे.

करारान्वये दोन निधी निर्माण झाले. कल्याण व निवृत्ती निधीत काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे पाच सेंट जमा व्हावयाचे होते. दुसरा निधी वैद्यकीय व रुग्णालयीन. त्यात कामगारांच्या पगारातून होणारी जुनीच वजावट जमा होणार होती, परंतु तिचा कारभार कंपनीकडून काढून संघटनेने नेमलेल्या विश्वस्तांकडे देण्यात आला. आकड्यांच्या दृष्टीने पहिला निधी मोठा ठरला. पण कंपनीच्या डॉक्टरची सत्ता मोडली ती दुसऱ्या तरतुदीने.

याच करारात खाणवस्त्यांच्या आरोग्यस्थितीची पाहणी करण्याचे ठरले. नौदलाचे रिअर ॲडमिरल जोएल बून यांच्या नेतृत्वाखालील या पाहणीचा अहवाल १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्याची दूषित व्यवस्था, उघडी शौचालये, मोडकळीस आलेली घरे यांचे त्यातील वर्णन थंड सरकारी भाषेत असले तरी वाचवत नाही. रसेल ली यांनी या पाहणीसाठी घेतलेली छायाचित्रे आज अमेरिकन समाजेतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात.

विश्वस्तांचा कायदा

संघटनेच्या हाती एवढा पैसा एकवटणार या कल्पनेने अमेरिकन काँग्रेसमध्ये खळबळ उडाली. जून १९४७ मध्ये ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या टाफ्ट–हार्टले कायद्याच्या कलम ३०२ मध्ये त्याचे पडसाद दिसतात. मालकाने संघटनेच्या प्रतिनिधीस पैसा देणे हा या कलमाने सर्वसाधारणपणे गुन्हा ठरविला आणि त्यास अपवाद म्हणून विश्वस्त निधीची वाट मोकळी ठेवली. पैसा केवळ कामगार व त्यांच्या कुटुंबियांच्या हितासाठी वापरावयाचा, विश्वस्त मंडळात मालक व कामगार यांचे प्रतिनिधित्व समान असावयाचे, कोंडी झाल्यास तटस्थ व्यक्तीने निर्णय द्यावयाचा, अशी ही चौकट होती. संघटनेला आवर घालण्यासाठी रचलेली ही चौकटच पुढे बांधकाम, वाहतूक, वस्त्रोद्योग अशा अनेक उद्योगांतील सामाईक योजनांचा पाया ठरली. एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी लाभ तुटत नाही, हे या योजनांचे वैशिष्ट्य. आजही अशा योजनांना तेथे टाफ्ट–हार्टले योजना म्हणतात.

विश्वस्तांची पहिली कसोटी १९४८ मध्ये लागली. निवृत्तिवेतनाच्या अटींवर लुईस आणि मालकांचे प्रतिनिधी एझ्रा व्हॅन हॉर्न यांच्यात एकमत होईना. कामगार पुन्हा बाहेर पडले. अखेर तटस्थ विश्वस्त म्हणून सिनेटर स्टाइल्स ब्रिजेस यांची निवड झाली व त्यांच्या मताने वयाच्या ६२ व्या वर्षी, २० वर्षांच्या सेवेनंतर दरमहा १०० डॉलर निवृत्तिवेतन देण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५० पासून तटस्थ विश्वस्ताचे स्थान जोसेफिन रोश यांच्याकडे आले. रोश निधीच्या संचालकही होत्या आणि लुईस यांच्या निकटवर्तीयही. त्यांची कार्यनिष्ठा वादातीत होती. तटस्थता मात्र नावापुरतीच उरली.

बहराचा काळ

टनामागील आकार १९४७ मध्ये १० सेंट, १९४८ मध्ये २०, १९५० मध्ये ३० आणि १९५२ मध्ये ४० सेंट झाला. वैद्यकीय विभागाची धुरा डॉ. वॉरन ड्रेपर यांनी सांभाळली. ते पूर्वी सार्वजनिक आरोग्य सेवेत वरिष्ठ पदावर होते. पहिले लक्ष गेले ते छत कोसळून कमरेखाली लुळे पडलेल्या कामगारांकडे. डोंगरातील घरांमध्ये वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून असलेल्या या माणसांना शोधून, रेल्वेने थेट कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क येथील पुनर्वसन केंद्रांत नेण्यात आले. त्यातील अनेकजण पुन्हा उभे राहिले.

कामगाराच्या खिशात आलेले आरोग्य कार्ड ही या निधीची खरी ओळख होय. कार्ड दाखविले की रुग्णालयात अनामत मागितली जात नसे. मात्र कार्ड मान्य करणारे चांगले रुग्णालयच जवळपास नाही, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हा निधीने स्वतःची दहा रुग्णालये उभारली : केंटकीत सहा, वेस्ट व्हर्जिनियात तीन आणि व्हर्जिनियात एक. १९५५–५६ मध्ये ती सुरू झाली. ज्या प्रदेशात शस्त्रक्रियेसाठी दिवसभराचा प्रवास करावा लागे तेथे पगारी तज्ज्ञ डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण यांची सोय झाली. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी निधीने आपल्या यादीतील डॉक्टरांचेच देयक भागविण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा वैद्यकीय संघटनांनी डॉक्टर निवडण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा उपस्थित करून विरोध केला. ज्या वस्तीत एकच डॉक्टर होता आणि तोही कंपनीचा, तेथे हे स्वातंत्र्य यापूर्वी कधी आठवले नव्हते.

टन आणि माणूस

लुईस यांनी यांत्रिकीकरणास विरोध केला नाही, उलट पाठिंबा दिला. थोड्या कामगारांना चांगले वेतन आणि निधीला वाढता पैसा, असा त्यांचा हिशेब होता. टनावरील आकारामुळे तो कागदावर बिनचूक होता, कारण यंत्राने काढलेल्या टनावरही ४० सेंट मिळतच. परंतु यंत्राने माणूस बाहेर काढला. बिट्युमिनस खाणींतील कामगारांची संख्या १९५० मध्ये चार लाखांवर होती; १९६० नंतरच्या काही वर्षांत ती दीड लाखाच्या आत आली. बाहेर पडलेला कामगार पन्नाशीचा, फुफ्फुसात धूळ साठलेला, दुसरे काम न येणारा. निधीवर त्याचाच भार सर्वाधिक होता. शिवाय रेल्वेने डिझेलचा आणि घरांनी तेल व वायूचा आश्रय केल्याने १९५० च्या दशकात कोळशाची मागणीही घटली.

येथे थोडे विषयांतर करून आपल्याकडील दोन कायद्यांचा उल्लेख करणे उचित होईल. भारतात १९४७ च्या कोळसा खाण कामगार कल्याण निधी कायद्यानेही कोळशावरच उपकर बसविला, पण त्या निधीचा कारभार सरकारकडे होता. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळे लेव्ही घेतात ती मजुरीच्या टक्केवारीत, म्हणजे माणसाच्या कामावर. आकारणीचा पाया वेगळा असला की संकटही वेगळ्या दिशेने येते, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

अमेरिकन निधीच्या विश्वस्तांनी तूट भरून काढण्यासाठी आकार वाढविला नाही. लाभार्थी कमी केले. १९५४ मध्ये अपंग कामगार व विधवा यांना मिळणारे रोख साहाय्य थांबले. १९६० मध्ये वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्यांची आरोग्य कार्डे रद्द झाली. १९६१ मध्ये निवृत्तिवेतन १०० वरून ७५ डॉलरवर आले. १९६२ मध्ये ज्यांचे मालक पूर्ण आकार भरीत नव्हते त्या कामगारांचीही कार्डे गेली. शेवटचा निर्णय विशेष क्रूर होता. आकार चुकविला मालकाने. दंड भोगला कामगाराने. पूर्व केंटकीतील छोट्या खाणींच्या प्रदेशात १९६२–६३ मध्ये संतप्त कामगारांची पथके खाणीमागून खाणी बंद पाडीत फिरली. याच सुमारास निधीने आपली रुग्णालये चालविणे परवडत नसल्याचे जाहीर केले, आणि १९६३–६४ मध्ये ती प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेकडे गेली.

न्यायालयाचा दरवाजा

निधीकडे पैसा नव्हता काय? या प्रश्नाचे उत्तर १९७१ मध्ये मिळाले. वगळलेल्या कामगारांनी व विधवांनी दाखल केलेल्या 'ब्लँकनशिप विरुद्ध बॉइल' या खटल्यात न्यायाधीश गेर्हार्ड गेझेल यांनी दिलेल्या निकालातून दिसून आले की, निधीच्या कोट्यवधी डॉलरच्या ठेवी वर्षानुवर्षे नॅशनल बँक ऑफ वॉशिंग्टनमध्ये बिनव्याजी पडून होत्या, आणि त्या बँकेची बहुसंख्य मालकी संघटनेकडेच होती. बँकेच्या वाढीचा लाभ संघटनेला झाला. व्याजाला मुकले ते कार्ड गमावलेले कामगार. विश्वस्ताने केवळ लाभार्थ्याचे हित पाहिले पाहिजे, संघटनेचे नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने ठामपणे मांडले आणि अध्यक्ष टोनी बॉइल व रोश यांना विश्वस्तपदावरून दूर होण्यास सांगितले. जे तत्त्व १९४७ मध्ये संघटनाविरोधकांनी संशयापोटी कायद्यात घातले होते त्याचाच आधार पुढे सामान्य सभासदाला आपल्याच नेत्यांविरुद्ध घ्यावा लागला.

१९६९ मध्ये विश्वस्त होताच बॉइल यांनी निवृत्तिवेतन ११५ वरून १५० डॉलर केले होते. संघटनेची निवडणूक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये होती आणि निवृत्तांना मतदानाचा हक्क होता. प्रतिस्पर्धी जोसेफ याब्लोन्स्की निवडणूक हरले आणि ३१ डिसेंबर रोजी पत्नी व कन्येसह त्यांची हत्या झाली. पुढे बॉइल यांना त्याबद्दल दोषी ठरविण्यात आले. १९७२ मध्ये सुधारणावादी गटाचे आर्नॉल्ड मिलर अध्यक्ष झाले. १९७४ च्या करारात जुन्या व नव्या निवृत्तांसाठी निधीची विभागणी झाली.

कार्डाचा शेवट

तरीही टनाचे गणित कायम होते. जुलै १९७७ च्या सुमारास निधीने पैशाअभावी उपचाराच्या खर्चाचा काही वाटा कामगारांवर टाकला. तीस वर्षे कार्ड दाखवून बाहेर पडणाऱ्या माणसाला प्रथमच देयक हाती पडले, आणि खाणींमध्ये उत्स्फूर्त संप पसरले. संपामुळे टन घटले. टन घटल्यामुळे निधी आणखी आटला. ६ डिसेंबर १९७७ पासून सुमारे ११० दिवस चाललेल्या देशव्यापी संपानंतर मार्च १९७८ मध्ये जो करार झाला त्यात कामावरील कामगारांची आरोग्य योजना सामाईक निधीतून काढून प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र विम्याकडे सोपविण्यात आली. वेतनवाढ चांगली होती. कार्ड मात्र गेले. १९४६ मध्ये कंपनीच्या हातून काढून घेतलेली गोष्ट विम्याच्या रूपाने कंपनीच्या हाती परत गेली.

जुन्या निवृत्तांचे आरोग्य लाभ निधीकडे राहिले, पण त्यांना पैसा पुरविणाऱ्या कंपन्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. पिट्सटन कंपनीने सुमारे १,५०० निवृत्त, अपंग कामगार व विधवा यांचे आरोग्य लाभ बंद केल्यावर एप्रिल १९८९ पासून फेब्रुवारी १९९० पर्यंत त्या खाणींत संप चालला. त्यातून नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींनंतर १९९२ मध्ये निवृत्त खाणकामगारांच्या आरोग्य लाभांविषयी कायदा होऊन, पूर्वीच्या मालकांवर त्यांच्या जुन्या कामगारांचा भार कायद्याने टाकण्यात आला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी खाणमालक कंपनीवरील हा भार घटनाबाह्य ठरविला. कोळसा कंपन्यांच्या दिवाळखोरीनंतर २०१७ व २०१९ मध्ये काँग्रेसने कायदे करून उरलेल्या लाभांसाठी सरकारी तिजोरीतून तरतूद केली.