वापरलेल्या मायक्रोफोनची तपासणी

वापरलेला मायक्रोफोन (बोलीभाषेत माईक) थेट संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी घेण्यापूर्वी त्याची अवस्था पडताळण्याची ही प्रक्रिया आहे. मराठवाड्यात मुखेडसारख्या भागात हरिनाम सप्ताहातील कीर्तन मुद्रित करताना माईकचा दोष बहुधा टाळ-मृदंग एकदम वाजू लागल्यावरच उघडा पडतो. नुसते ‘हॅलो, चेक’ म्हणणे त्यासाठी अपुरे ठरते. म्हणून टाळ जवळ वाजवून झालेले मुद्रण हेडफोनवर ऐकतात. कंडेन्सर माईकला सामान्यतः ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देऊन शांततेत ऐकावे लागते. चरचर आल्यास आत ओल वा धूळ असू शकते. दोन माईक गायकासमोर शेजारी ठेवले असता एकत्र आवाजातील मंद्र स्वर गळाले, तर एकाची ध्रुवता उलट असते. हा दोष पुष्कळदा माईकचा नसून केबलचा निघतो. शुअर कंपनीच्या एसएम५८ (१९६६) या डायनॅमिक माईकच्या नकला बाजारात आढळतात. अस्सल माईकचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. जाळीची चेप मात्र किरकोळ समजावी, कारण जाळी बदलता येते.