पणजीचे नभोवाणी केंद्र आणि आंबोलीच्या रानातला आवाज

गोव्याच्या मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिताना आपण सत्याग्रहींच्या तुकड्या मोजतो, गोळीबाराच्या तारखा देतो. रेडिओ मात्र एका वाक्यात उरकतो. वास्तविक १९५५ ते १९६१ या काळात दोन आवाज एकमेकांना उत्तरे देत होते. एक पणजीचा, सरकारी. दुसरा रानातला.

पणजीचे केंद्र, ‘एमिसोरा दि गोवा’, १९४६ सालचे. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. लोहियांची सभा झाली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पणजी तेव्हा राजधानी असली तरी आकाराने गावच. पण या गावाचे केंद्र ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरही ऐकू जाई, आणि पुढे बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांची अडवणूक केली तेव्हा रेडिओ सिलोनप्रमाणे गोव्याकडेही श्रोत्यांचे कान वळले. लोकशाही सरकारने हटवलेली गाणी ऐकवण्याचे पुण्य सालाझारच्या वसाहतीच्या पदरी पडले!

गाण्यांच्या जोडीला अर्थातच प्रचार होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली. गोव्यातली वृत्तपत्रे सेन्सॉरच्या कात्रीखाली, बाहेरची आत येणे मुश्कील. बातमी पोचवायला हवेवाचून वाट उरली नाही.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ सुरू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली: २५ नोव्हेंबर १५१० रोजीच आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. आंबोलीच्या जंगलात एका ट्रकमध्ये प्रक्षेपक बसवलेला. नंतर मुक्काम कॅसलरॉकला हलला. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. लिबियाबाईंनी मुंबई आकाशवाणीत नोकरी केलेली होती. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला त्या ट्रकमधल्या यंत्रांची आणि कागदांची काळजी सांगायला नको. साप, किडे, थंडी आणि एकांत हे त्याखेरीज. तरीही प्रक्षेपण वर्षानुवर्षे चालू राहिले.

कार्यक्रम कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये होत. मराठी वाचकाला हे खटकेल. मला मात्र ही निवड अचूक वाटते. कोंकणी हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत बोलली जाणारी. आणि पोर्तुगीज? ‘गोवेकर हे पोर्तुगीजच आहेत’ हा लिस्बनचा दावा त्याच भाषेत, एका गोवेकराच्याच तोंडून खोडून निघणे याला वजन होते. पणजीतल्या अधिकाऱ्यांना हे उत्तर ऐकायला दुभाषाही लागत नव्हता. शिवाय स्वातंत्र्याची मागणी दिल्लीहून पढवलेली आहे, या आरोपालाही त्यातून उत्तर मिळत होते. सत्याग्रहाइतकेच हे काम मोलाचे होते, असे माझे मत आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. बाहेरच्या जगाशी गोव्याचा तो दुवा तुटला. १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्या दिवशी सरदेसाई आणि लिबियाबाई ट्रकमध्ये नव्हते. ध्वनिवर्धक लावलेल्या विमानातून ते गोव्यावर फिरत होते, आणि ४५१ वर्षांची सत्ता संपल्याची वार्ता त्याच दोन भाषांत खालच्या लोकांना सांगत होते. पुढे १९६४ साली त्यांनी लग्न केले.

पणजीचे केंद्र फार काळ मुके राहिले नाही. तीन आठवड्यांत, ९ जानेवारी १९६२ रोजी, ते आकाशवाणी म्हणून बोलू लागले.