खटखट्या डब्याचं कूळ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा औशातल्या आमच्या माळवदालाही तडे गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते उतरवावं लागलं. भिंत काढताना एका देवळीत अगदी आत सारून ठेवलेला डबा हाती आला. लांबट, चपटा, निकेलचा मुलामा चढवलेला. माती झटकून आजीसमोर धरला, तशी ती म्हणाली, "अरे, हा तुझ्या आजोबाचा खटखट्या! पहाटं हा वाजला की मी चुलीवर पाणी ठेवायची."

माझ्या जुन्या रेझरच्या संग्रहाची सुरुवात या डब्यापासून झाली. पुढं लातूरच्या भंगारवाल्यांकडून, नातेवाइकांच्या पेट्यांतून वीसेक रेझर जमले. त्या सगळ्यांची ओळख पटली. सर्वांत उशिरा पटली ती या पहिल्याची.

रेझर ओळखायचा तर आधी त्याच्या पात्याची जागा पाहावी. जिलेटच्या सुरुवातीच्या दुधारी पात्याला तीन गोल छिद्रं होती, म्हणून जुन्या रेझरच्या डोक्यावर त्याच मापाच्या खुंट्या दिसतात. १९३० साली कंपनीनं नवा घाट आणला आणि मधोमध लांब खाच असलेली पाती रूढ झाली. आज किराणा दुकानात मिळणाऱ्या पात्याची खाच त्याच वळणाची आहे. दांडा फिरवला की डोक्याची दोन दारं उघडतात तो प्रकार त्याही नंतरचा. एवढं कळलं तरी निम्मे रेझर आपापल्या काळात जाऊन बसतात.

खटखट्याला यातलं काहीच लागू पडेना. खुंट्या नाहीत, खाच नाही, दुधारी पातंही नाही. कितीतरी दिवस मी त्याच्यावर जिलेटची खूण शोधत होतो आणि तिथंच चुकत होतो. शेवटी पातं बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरलं. ते लवेना. पाठीशी जाड, धारेकडं उतरतं, एकाच बाजूनं धार. वस्तऱ्याचा बोटभर तुकडा कापून घ्यावा तसं ते होतं. तेव्हा लक्षात आलं, की याचं कूळच वेगळं आहे.

हे कूळ जिलेटपेक्षा जुनं. झाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिरानं १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. वस्तऱ्याला लाकडी आड लावली तर कातडी खोल कापली जाणार नाही, ही कल्पना त्याचीच. पुढं १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 'स्टार' रेझर आणला. दाताळ्यासारखा आडवा दांडा, पात्यापुढं आड आणि पातं मात्र जाड, वस्तऱ्याचंच. कातडी वाचली, तरी रोज चामड्यावर धार काढायचं काम उरलंच.

ते काम नको म्हणून किंग कँप जिलेट यांनी १८९५ च्या सुमारास उलटा विचार केला : धार लावायचीच नाही, पातंच टाकून द्यायचं. त्यासाठी पोलाद कागदासारखं पातळ हवं आणि तरी कडक हवं. जाणकारांना ते अशक्य वाटत होतं. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले आणि दाढी घरच्या घरी करायची सवय जगभर पसरली.

तिथून दोन घराणी झाली. एक पातळ पात्याचं, वापरा आणि टाका म्हणणारं. दुसरं जाड पात्याचं, धार लावा आणि जपा म्हणणारं. दुसऱ्या घराण्यानं हार मानली नाही. हेन्री गाइसमन यांच्या 'ऑटोस्ट्रॉप'मध्ये चामड्याचा पट्टा रेझरच्या पोटातूनच ओढला जाई. आणि लंडनच्या क्रिकलवूड भागातल्या कारखान्यात धार लावायचं सगळं साहित्य डब्यातच बसवलेला रेझर तयार होऊ लागला, तो 'रोल्स रेझर'. मोटारींच्या रोल्स-रॉइसशी त्याचं नातं नाही. आमच्या डब्याच्या झाकणावर घासून घासून पुसट झालेली अक्षरं भिंग धरून वाचली, ती हीच होती.

त्याची करामत अशी. डब्याची वरची आणि खालची दोन्ही झाकणं सुटी होतात. एका झाकणाच्या आत धारेचा दगड, दुसऱ्याच्या आत चामडं. दगडाचं झाकण काढून ठेवायचं, चामड्याचं तसंच राहू द्यायचं, मधला दांडा उभा करायचा आणि मागं-पुढं सरकवायचा. पातं चामड्यावर घासत जातं, टोकाला पोचलं की आपोआप पालटतं आणि परत येताना दुसऱ्या अंगानं घासतं. पालटताना आवाज होतो, खट्. परत येताना पुन्हा खट्. आजीनं ठेवलेलं नाव किती नेमकं होतं, हे तो दांडा पहिल्यांदा चालवला तेव्हा कळलं. धार झाली की पातं सोडवून दांड्याला लावायचं, पुढं आड बसवायची आणि आरशासमोर उभं राहायचं.

आमच्या डब्यातलं चामडं काळं पडलंय, मधोमध गुळगुळीत होऊन दबलंय. दगड मात्र जवळपास नव्यासारखा आहे. म्हणजे आजोबा रोज चामडं वापरत आणि दगडाला क्वचितच हात लावत. वापरायची रीत हीच होती, आणि ती त्यांनी वर्षानुवर्षं पाळली.

पण हा डबा औशातच का टिकला? त्याचं उत्तर मला आपल्या भागाच्या इतिहासात मिळतं. औसा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तिथून औसा वीसेक किलोमीटर. संस्थानाबाहेरच्या मालावर करोडगिरीचा कर पडे. पगार संस्थानाच्या हाली शिक्क्यात मिळे आणि सात हाली रुपये दिले तर सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हद्दीतले रुपये, येत. अशा गावी पातळ पात्याचा रेझर घेणं म्हणजे दर आठवड्याला परमुलखातल्या मालाची वाट पाहणं. पाती संपली की रेझर नुसता दांडा. रोल्सचं तसं नव्हतं. एकदा पैसे मोजले की दुकानाची गरज संपली. दुकानापासून लांब राहणाऱ्या माणसासाठीच जणू तो घडवला होता.

या डब्यानं आमच्या घरची एक घडीही बदलली. त्याआधी दाढी म्हणजे वारिकाची, गावच्या नाभिकाची, वाट पाहणं. तो धोकटी घेऊन येई, अंगणात समोर बसवून वस्तरा चालवी आणि सुगीला ज्वारीचं बलुतं नेई. आजी सांगायची, डबा आल्यावर दाढी घरी होऊ लागली, पण केस, पोरांचं जावळ, दहाव्याचं मुंडण वारिकाकडंच राहिलं आणि बलुतंही चालू राहिलं. त्या वस्तऱ्याचा मान मोठा आहे. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तेव्हा हातावर पोट असलेल्या माणसांनी स्वतःच्या कमाईवर पाणी सोडलं होतं.

त्याच गावगाड्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या घरांसाठी धोकटी उघडतच नसे. साताऱ्याला लहानपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे केस त्यांच्या थोरल्या बहिणीला कापावे लागत. आपल्याच हातानं दाढी करता यावी असं साधन घरात येणं, ही अशा घरांसाठी सोयीपेक्षा खूप मोठी गोष्ट होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. करोडगिरीचे नाके आणि हाली शिक्का मागं पडले. देशी कारखान्यांची पाती बाजारात आली. टोपाझ, सुपरमॅक्स ही नावं खेड्यातल्या टपरीवरही दिसू लागली. १९६२ मध्ये विल्किन्सन स्वोर्डनं न गंजणाऱ्या पोलादाचं पातं आणलं, ते साध्या पोलादी पात्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकू लागलं. धार लावत बसायचं कारण संपलं. रोल्स रेझर कंपनी तोवर धुलाई यंत्रांच्या धंद्यात शिरली होती आणि १९६४ साली ती बुडाली. जाड पात्याचं घराणं तिथं जवळपास थांबलं.

जुनी वस्तू ओळखायची म्हणजे कंपनीचं नाव आणि साल शोधायचं, असं मी पूर्वी समजत होतो. नाव आणि साल डब्यावरून निघतं. तो कोणाच्या हातात होता, कोणत्या वेळी वाजत होता, हे सांगायला आजी लागली. ती आता नाही. तिनं सांगितलेलं मी डबा सापडला त्याच वर्षी लिहून ठेवलं, म्हणून आज तुम्हाला सांगू शकलो. तुमच्या घरी पेटीच्या तळाशी असं काही असेल तर भंगारात घालण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसासमोर ठेवा आणि ते जे बोलतील ते तिथंच लिहून घ्या.

माझ्या कपाटात डब्याशेजारी एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय : रोल्स रेझर, क्रिकलवूड, लंडन. वापरणार आजोबा, औसा. घरातलं नाव खटखट्या.