ऑस्कर्सबोर्ग

नॉर्वेतील एक जलदुर्ग. राजधानी ऑस्लोच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी. अंतरावर, ऑस्लो फ्योर्डच्या चिंचोळ्या भागात, द्रोबाक गावासमोरील उत्तर व दक्षिण काहोल्मेन या जोडबेटांवर तो वसला आहे. मुख्य किल्ल्याचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. १८५५ मध्ये राजा पहिला ऑस्कर याचे नाव त्याला मिळाले. १८७०च्या दशकात बेटांपासून पश्चिमेच्या हुरूम किनाऱ्यापर्यंत पाण्याखाली दगडी बांध घातला गेला. त्यामुळे मोठ्या जहाजांना पूर्वेची एकच वाट उरली आणि ती नेमकी तोफांच्या माऱ्यात होती.

१८९०च्या दशकात जर्मनीतील क्रुप कारखान्याच्या २८ सेंमी. व्यासाच्या तीन तोफा इथे आल्या. मोसेस, आरोन आणि योसवा ही त्यांची बायबलमधली नावे. पुढे उत्तर काहोल्मेनच्या खडकात भुयारे खोदून पाणतीरांचा तळ उभारला गेला. पोलादी चौकटीवर ठेवलेला पाणतीर चौकटीसकट पाण्यात उतरवायचा आणि तिथून सोडायचा, अशी रचना होती. बाहेरून पाहणाऱ्याला कशाचाही मागमूस लागत नसे. जर्मनांनाही या तळाची खबर नव्हती.

९ एप्रिल १९४०च्या पहाटे ‘ब्ल्यूखर’ ही नवी कोरी जर्मन क्रूझर सैन्य घेऊन ऑस्लोकडे निघाली होती. नॉर्वे तटस्थ होता, युद्ध पुकारले गेले नव्हते आणि अंधारातून येणारी जहाजे कोणाची, हे किल्ल्यावर ठाऊक नव्हते. निवृत्तीला टेकलेले किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सेन यांच्या हाताशी बहुतेक नवशिके सैनिक होते; तोफांवर माणसे पुरेनात म्हणून स्वयंपाक्यांनाही उभे करावे लागले. बाहेरच्या ठाण्यांना न जुमानता जहाजे आत शिरली, एवढे त्यांना कळले होते. इशाऱ्याची फैर न झाडता थेट मारा करण्याचा हुकूम त्यांनी दिला. आपल्याला पदक तरी मिळेल नाहीतर लष्करी खटला तरी चालेल, हे ते जाणून होते. या किल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच.

४ वाजून २१ मिनिटांनी पहिला गोळा सुटला. तोफ पुन्हा भरायला काही मिनिटे लागत, म्हणून मोसेस आणि आरोन यांना प्रत्येकी एकच गोळा डागता आला. दोन्ही लागले; जहाजावरच्या इंधनाने आणि दारूगोळ्याने पेट घेतला. मग कामावर परत बोलावलेले निवृत्त नौदल अधिकारी आंद्रेआस आंदेर्सेन यांनी सुमारे ५०० मीटरांवरून चाळीस वर्षांपूर्वीचे पाणतीर सोडले. सकाळी ‘ब्ल्यूखर’ बुडाली, शेकडो माणसे मेली. मागची जहाजे परतली.

किल्ल्याने ऑस्लो वाचवले नाही. त्याच दिवशी विमानाने उतरलेल्या सैन्याने शहर घेतले. पण मधल्या काही तासांत राजा सातवा हॉकॉन, मंत्रिमंडळ आणि संसद-सदस्य रेल्वेने हामारला निघून गेले, राष्ट्रीय बँकेतले सुमारे ५० टन सोनेही हलवले गेले. पुढे लंडनमधून नॉर्वेचे सरकार लढत राहिले ते या तासांच्या बळावर. दिवसभर बाँब कोसळूनही किल्ल्यावरचे कोणी दगावले नाही. १० एप्रिलला किल्ला शत्रूच्या हाती गेला तो मे १९४५ पर्यंत. युद्धानंतर एरिक्सेन यांना नॉर्वेचा ‘युद्ध क्रॉस’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

पाणतीरांचा तळ १९९३ पर्यंत गुप्तपणे वापरात होता. आता किल्ल्यावर संग्रहालय असून द्रोबाकहून होडीने तिथे जाता येते. जाणाऱ्यांनी तोफा पाहून परतू नये, उत्तर बेटावरचे भुयारही अवश्य पाहावे.